एकवीस दिवसांचं मौन

"हूं सुद्धा म्हणायचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "मान हलीव, हात कर, काय पायजे ते कर. पन घशातनं आवाज आला की नियम मोडला."

त्रिशलानं मान हलवली आणि मांडीवरच्या मॅजिक स्लेटवर लिहिलं, 'ठेच लागली तर?'

"तर गप रडायचं."

तिनं स्लेट पुसली आणि माझ्याकडे वळवून लिहिलं, 'वहिनी, ही माझी सख्खीच आई आहे ना? जरा चौकशी कर.'

मी हसले, सासूबाई हसल्या नाहीत. नियमाच्या बाबतीत त्या थट्टा चालवून घेत नसत. बारा महिने सूर्यास्ताआधी जेवणारी आणि जेवताना एक शब्द न बोलणारी बाई ती. मौन म्हणजे काय हे आमच्या घरात त्यांनीच सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. त्या दिवशी सकाळी त्यांनी त्रिशलाला बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात नेलं होतं आणि भगवंतासमोर हात जोडून एकवीस दिवसांचा मौनाचा नियम घ्यायला लावला होता. डॉक्टरांनी सांगितलेलं पोरगी ऐकेलच असं नाही, पण देवासमोर घेतलेला नियम मोडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्रिशला माझी नणंद. तेव्हा बावीस वर्षांची होती, मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही सांगलीचे. माझ्या नवऱ्याचं, श्रेणिकचं, मोटारपंप आणि प्लास्टिकच्या पाइपांचं दुकान आहे. दुकानामागच्या गोदामात पाइपांच्या थप्प्यांमध्ये बसून गायलं की आवाज छान घुमतो, हा शोध त्रिशलानं कॉलेजात असताना लावला. दुपारी दुकान जेवणासाठी बंद झालं की ती गिटार घेऊन तिथं जाऊन बसायची. 'मागच्या सीटवर' हे गाणं तिनं तिथंच मोबाइलवर घेतलं. शब्द तिचे, चालही तिची. मोटारसायकलवर मागं बसलेल्या मुलीचं गाणं ते. 'आरशात तुझ्या मी अर्धीच दिसते, उरलेली अर्धी रस्त्यावर सांडते.' सासूबाईंनी ते ऐकून पहिला प्रश्न विचारला होता, "कुनाच्या गाडीवर बसलीस गं?"

वर्षभरात ते गाणं कॉलेजच्या पोरांच्या तोंडी झालं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. गॅदरिंगची बोलावणी यायला लागली. फोन इतके वाढले, की एक दिवस तिनं वाजणारा फोन माझ्या हातात कोंबला.

"वहिनी, तू बोल की. तुझा आवाज ऑफिसातला आहे. मला कुणी 'किती वाजता याल' विचारलं तरी मी 'सॉरी' म्हणते."

मी तेव्हा एका पतसंस्थेत काउंटरवर होते. आठ वर्षं लोकांना 'उद्या या' सांगून आवाज ऑफिसातला होणारच. मी तिचे फोन घ्यायला लागले, मग तारखा ठरवायला लागले, मग नोकरी सोडली. लोक मला 'पूर्णिमा मॅडम' म्हणायला लागले. उगाच साळसूदपणा कशाला करू, मला ते फार आवडलं. माझ्या लग्नानंतर मला पहिल्यांदाच कुणीतरी नावानं आणि मानानं हाक मारत होतं. त्रिशला गायची आणि मी स्टेजच्या बाजूला हातात फाइल घेऊन उभी राहायची. टाळ्या पडल्या की त्यातल्या थोड्या मला आहेत असं मी धरून चालायची.

त्या डिसेंबरात तिचे बारा दिवसांत नऊ कार्यक्रम झाले. ते मीच ठरवलेले होते. नवव्या कार्यक्रमात वरच्या पट्टीत तिचा आवाज फाटला. दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला डॉ. मुजावर मॅडमकडे गेलो. त्यांनी घशात कॅमेरा घालून पडद्यावर आम्हाला दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि एकीवर डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल फोड.

"इथं रक्त साकळलंय," त्या म्हणाल्या. "औषध देते, पण खरं औषध गप्प बसणं. एकवीस दिवस. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. कुजबुजल्यानं जास्त ताण येतो, लक्षात ठेव."

"बाविसाव्या दिवशी पुण्याला कार्यक्रम आहे," मी म्हटलं.

"सतराव्या दिवशी परत बघू. मग सांगते."

पुण्याचा कार्यक्रम साधा नव्हता. एका मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर पाच हजार मुलं येणार होती, आणि मुंबईच्या एका संगीत कंपनीची माणसं तिला स्टेजवर ऐकायला येणार होती. आवडलं तर तिच्या स्वतःच्या सहा गाण्यांचा करार. त्रिशलानं त्यासाठी दोन नवी गाणी लिहून ठेवली होती. आणि त्या करारावर कार्यक्रमांचं काम बघणारी म्हणून माझंही नाव असणार होतं, असं कंपनीचा अर्णव नावाचा मुलगा मला फोनवर म्हणाला होता. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

मौनाचे दिवस मजेत गेले म्हटलं तरी चालेल. घरात तिचा आवाज नाही म्हटल्यावर शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. "खरंच बोलत न्हाई होय गं?" असं तिच्याच तोंडावर विचारायच्या, जणू ती बहिरीही झाली होती. त्रिशला स्लेटवर लिहायची, 'पाच रुपये तिकीट.' श्रेणिक तिच्याशी बोलताना उगाचच मोठ्यानं आणि सावकाश बोलायचा. मग ती त्याला स्लेटवर शिव्या लिहायची आणि तो चष्मा शोधेपर्यंत पुसून टाकायची.

फोन मात्र सगळे माझ्याकडे. कुणीही काहीही विचारलं की मी म्हणायची, "त्रिशला म्हणते की..." पहिले तीन-चार दिवस मी खरंच तिला विचारायची, ती लिहायची, मग मी सांगायची. पुढं विचारणं सुटलं. तिला काय म्हणायचं असणार हे मला माहीतच होतं. एका वर्तमानपत्राच्या मुलीनं फोनवर मुलाखत घेतली, ती सगळी मीच दिली. 'गाणं हा माझा श्वास आहे' असं तिच्या फोटोखाली छापून आलं. त्रिशलानं ते वाचून लिहिलं, 'असलं भिकार वाक्य मी मेले तरी म्हणणार नाही.' आम्ही दोघी हसलो. ती पोट धरून, आवाज न करता हसत होती.

सतराव्या दिवशी, मंगळवारी, आम्ही मिरजेला जाऊन आलो. मुजावर मॅडम कॅमेऱ्यात बराच वेळ बघत राहिल्या. "मला एकदा मुंबईच्या सरांना क्लिप दाखवू दे. संध्याकाळी फोन करते," एवढंच म्हणाल्या. येताना बसमध्ये त्रिशलानं दोन्ही हातांच्या बोटांच्या फुल्या करून त्या नाकाला लावून ठेवल्या होत्या. तिला भीती वाटत होती हे मला दिसत होतं.

फोन आला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात जेवत होत्या. खिडकीत ऊन शिल्लक होतं. त्रिशला वर माडीवर होती. मी सासूबाईंना ताकाची वाटी देत होते, ती तशीच खाली ठेवून फोन घेतला.

"पूर्णिमाताई, सरांनी क्लिप बघितली," मुजावर मॅडम म्हणाल्या. "फोड कमी झालाय, पण गेलेला नाही. आजूबाजूची जागा फार नाजूक आहे. आणखी तीन आठवडे मौन. गाणं तर नाहीच."

"पण मॅडम, रविवारी कार्यक्रम आहे तिचा."

"रद्द करा."

"थोडं गायलं तर? चार गाणी?"

"एकसुद्धा नको. त्या जागी फुटलं तर व्रण धरेल, आणि व्रणाला औषध नाही. त्रिशला आहे का जवळ? स्पीकरवर ठेवा, मी तिलाच सांगते."

"ती बस्तीत गेलीय," मी म्हटलं.

सासूबाईंनी घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. त्रिशलाची पावलं आमच्या डोक्यावरच वाजत होती. पण त्या जेवताना बोलत नाहीत.

"मग तुम्ही सांगा. नीट सांगा, ताई. लिहून घ्या हवं तर."

"नको. लक्षात राहील."

फोन ठेवला. मी ताकाची वाटी उचलून सासूबाईंच्या ताटाशी ठेवली. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी लपवणार नाही. डॉक्टर नेहमी वाढवूनच सांगतात, असं मी स्वतःला म्हणत होते. सतरा दिवसांत फोड कमी झाला, म्हणजे आणखी पाच दिवसांत जाईल. चार गाण्यांनी काय होतंय. अर्णव दुसऱ्यांदा फोन करणार नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी मी परत पतसंस्थेच्या काउंटरवर उभी होते, आणि कुणीतरी मला 'ओ बाई' म्हणून हाक मारत होतं.

त्रिशला दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. फोन वाजलेला तिनं ऐकला होता. स्लेटवर आधीच लिहून आणलं होतं, 'काय म्हणाल्या?'

"सुधारणा आहे म्हणाल्या."

हे खरं होतं. म्हणूनच ते तोंडातून सहज आलं. तिनं भुवया उडवल्या आणि स्लेटवर 'रविवार?' लिहून पुढं धरली.

"जपून गा म्हणाल्या," मी म्हटलं. "जास्त ताणू नको."

तिनं स्लेट टाकून मला मिठी मारली. मला उचलायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही. मग आईच्या मागं जाऊन तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. सासूबाई जेवत राहिल्या. जेवून, चूळ भरून आल्यावर त्यांनी मला विचारलं, "शलू घरातच हुती की गं."

"मला वाटलं बाहेर गेलीय," मी म्हटलं.

त्यांनी ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

बुधवारी आणि शुक्रवारी मुजावर मॅडमचा परत फोन आला. दोन्ही वेळा मी तो वाजू दिला.

रविवारी सकाळी बस्तीत जाऊन त्रिशलानं नियम सोडला. पहिला शब्द णमोकार मंत्राचा होता. आवाज जरा दबका होता, पण स्वच्छ होता. सासूबाईंनी डोळे पुसले. मला इतकं हायसं वाटलं, की मी वाटेत श्रेणिकला गाडी थांबवायला लावून सगळ्यांना उसाचा रस पाजला. त्रिशलाला बिनबर्फाचा.

पुण्याच्या मैदानावर ती साडेसहाला स्टेजवर गेली. मी नेहमीच्या जागी, बाजूला पडद्याच्या कडेला उभी होते. कंपनीची तीन माणसं पुढच्या रांगेत बसली होती, त्यांतला सगळ्यात तरुण तो अर्णव. पहिली तीन गाणी ती अशी गायली, की मी मुजावर मॅडमना मनातल्या मनात चार शब्द सुनावले. दोन नवी गाणी होती त्यात. अर्णवनं शेजारच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघंही मान डोलवत राहिले.

चौथं 'मागच्या सीटवर'. मुलं उभी राहिली. पहिलं कडवं झालं. मग 'उरलेली अर्धी' वर ती वर चढली आणि तिथं आवाज फाटला नाही, चिरकला नाही, नुसता गेला. तोंड उघडं होतं आणि माइकमधून फक्त हवा येत होती.

एक क्षणच असेल. मग तिनं माइक स्टँडसकट पुढं केला, मुलांकडे. पाच हजार मुलांनी पुढची ओळ म्हटली. त्यांना वाटलं, तिनं गाणं आपल्याला दिलं. त्यांनी कडवंच्या कडवं म्हटलं, मोबाइलचे दिवे लावून हात हलवले. त्रिशला गिटार वाजवत राहिली आणि हसत राहिली. शेवटची ओळही मुलांनीच संपवली. त्या रात्रीचा तो व्हिडिओ अजून फिरतो. खाली लोक लिहितात, कलाकार असावा तर असा.

ती वाकून नमस्कार करून माझ्याकडे आली, तेव्हा हसू तसंच होतं. पडद्याच्या आत आल्यावर तिनं माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यातल्याच डॉ. परचुऱ्यांकडे गेलो. मिरजेला परत जायचं श्रेणिक म्हणत होता. मी म्हटलं, "एवढा मोठा डॉक्टर इथं असताना मिरज कशाला?" परचुरे वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी कॅमेरा घातला, बघितलं, हातमोजे काढले आणि हात धुतले. हात पुसायला त्यांना फार वेळ लागला.

"फोड फुटलाय. खाली जुना व्रण धरत होता, आता तो पक्का होईल. बोलता येईल, दोन-तीन महिन्यांत बरं बोलता येईल. गाण्याचं..." ते त्रिशलाकडे बघून बोलत होते, हे त्यांचं मला आजही मोठं वाटतं. "बाळ, पहिला आवाज परत येईल असं खोटं मी तुला सांगणार नाही. आधी कुणी तपासलं होतं?"

"मिरजेच्या मॅडमनी," मी म्हटलं. त्रिशलाच्या वतीनं उत्तर द्यायची मला सवयच झाली होती. "मंगळवारी तपासलं. गायला हरकत नाही म्हणाल्या होत्या."

"हरकत नाही म्हणाल्या?" त्यांनी चष्मा वर केला. "मग मंगळवारपर्यंत जखम बरी भरलेली असणार. म्हणजे त्यानंतरच काहीतरी झालंय. मंगळवार ते रविवार आवाज वापरला का? थोडासा? गुणगुणलात?"

"नाही डॉक्टर. देवासमोर नियम घेतला होता तिनं. हूं सुद्धा केलं नाही."

"कधीतरी मोडलं असणार," ते म्हणाले. "नाहीतर हे असं होत नाही."

त्रिशलानं मान खाली घातली होती.

त्या दिवशीचं पुढचं सांगण्याआधी नंतरच्या नऊ वर्षांतलं सांगून टाकते, नाहीतर मी ते गाळीन. दोन ऑपरेशनं झाली. त्रिशलाचा आवाज आज जाडाभरडा आहे, सकाळी जरा बरा असतो, संध्याकाळी बसतो. ती गात नाही. ती दुसऱ्यांसाठी गाणी लिहिते, चाली बांधते, आणि त्यांत तिचं नाव आहे. मालिकांची शीर्षकगीतं, दोन चित्रपट. चाल शिकवताना ती गिटारवर वाजवून दाखवते. तिचे फोन अजून मीच घेते. पुण्याच्या कार्यक्रमाचे आयोजक जहागीरदार मला वर्षभरानं भेटले, तेव्हा हळहळून म्हणाले, "मॅडम, तब्येतीचं एकदा फोन करून सांगितलं असतं तर आम्ही कार्यक्रम महिनाभर पुढं ढकलला असता की. कंपनीचे लोकही आले असते. त्यांना काय घाई होती?" तारीख बदलता येईल का, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

आणि मुजावर मॅडम. त्या मिरजेच्या एका लग्नात समोर आल्या. हातात आइस्क्रीमची वाटी होती. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं ना? एक गाणंसुद्धा नको म्हणून?"

"सांगितलं होतं मॅडम," मी म्हटलं. "तिनं ऐकलं नाही."

त्यांनी मान हलवली. "या वयातली मुलं," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्रिशला कोल्हापूरला नव्या मुलामुलींची शिबिरं घेते. प्रत्येक शिबिरात पहिल्या दिवशी ती स्वतःची गोष्ट सांगते. "माझा आवाज माझ्या हातानं गेला," असं म्हणून सुरुवात करते. मुली वहीत लिहून घेतात. मी मागच्या रांगेत बसलेली असते, चहाची व्यवस्था माझ्याकडे असते.

तर त्या सोमवारी आम्ही परचुऱ्यांच्या खोलीतून बाहेर आलो. श्रेणिक गाडी आणायला गेला. जिन्याखाली दोन खुर्च्या होत्या, तिथं आम्ही बसलो. त्रिशलाला हळू बोलायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. आता गप्प राहून फारसं काही वाचणार नव्हतं.

"वहिनी," ती म्हणाली. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. वाळूवर पत्रा ओढावा तसा. "मी खोटं वागले."

"कधी?"

"आत्ता आत. तू म्हणालीस नियम पाळला, मी गप्प बसले. पाळला नव्हता मी."

मी तिच्याकडे बघितलं.

"गुरुवारी. तू सुधारणा आहे म्हणालीस ना, मला इतकं बरं वाटलं. दोन दिवस डोक्यात एक चाल फिरालती. लिहून ठेवता येत नाही गं चाल, आणि गिटारवर ती लकब येईना. विसरेन म्हणून भ्या वाटालं. मग न्हाणीत गेले, नळ सोडला, आणि गुणगुणले. मोबाइलवर घेतली. दोन मिनिटं, वहिनी. दोनच मिनिटं." ती थांबली, घोटभर पाणी प्यायली. "इतकं छान वाटलं ना गाताना. एकदम मोकळं. तेव्हा मला वाटलं, दोन मिनिटांनी काय होतंय."

बाहेर श्रेणिकनं हॉर्न दिला. मी त्याला हातानं थांब म्हणून खूण केली.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. डॉक्टरांनी गाऊ नको म्हणून सांगितलं होतं, आणि मी तुला ते सांगितलं नाही. एवढंच. ते माझ्या तोंडात तयार होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. तिनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती. राग शोधत होती, हे मला नंतर कळलं.

"सांगायचं नाही होय आधी," मी म्हटलं.

"कशी सांगू? आईनं देवासमोर नियम घ्यायला लावलेला. तू एवढी धावपळ केलीस. नोकरी सोडलीस माझ्यापायी." तिचा आवाज मध्येच गेला, तिनं खाकरून परत आणला. "आईला सांगू नको. आवाज गेल्यापेक्षा नियम मोडल्याचं जास्त वाईट वाटेल तिला."

"नाही सांगत."

तिनं पर्समधून मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्या हातात दिला. पडद्यावर गुरुवारची तारीख होती आणि शेजारी दोन मिनिटं अकरा सेकंद.

"हे बघ. मला पुसवंना. तू पूस."

"ऐकायचं नाही तुला?"

"नको. त्यापायीच गेला सगळा."

तिचा सगळा आवाज होता त्यात. नळाखाली लपवलेला, मोकळा, आदल्या दिवशीपर्यंतचा. कार्यक्रमाची तीन गाणी कुणीतरी घेतलेली असतील, पण त्यांत ड्रम होते, मुलांचा ओरडा होता. असा एकटा, घरातला, हा शेवटचाच होता. मला हे तेव्हाही कळत होतं. मी बोट दाबलं. फोननं विचारलं, कायमचं काढून टाकायचं का. मी हो म्हटलं.

मोबाइल परत घेऊन तिनं पर्समध्ये ठेवला. मग दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"वहिनी, रागावलीस ना?"

"नाही गं."

"खरं सांग. माफ केलंस मला?"

श्रेणिकनं परत हॉर्न दिला. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"केलं," मी म्हटलं. "चल, तोंड धुऊन घे. दादा वाट बघतोय."